गूगलचे तुकडे करावेत का? पोफळीच्या विजेपासून जाहिरातींच्या लिलावापर्यंत

गूगल, फेसबुक-व्हॉट्सॲपची मालक मेटा, ॲमेझॉन यांसारख्या अवाढव्य तंत्रज्ञान कंपन्यांचे विभाजन करावे की करू नये, हा वाद गेली काही वर्षे अमेरिका आणि युरोपातील न्यायालयांत आणि नियामकांसमोर चालू आहे. वरवर पाहता कोकणपट्टीचा त्याच्याशी काही संबंध दिसत नाही. पण तारकर्लीत घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्या बाईंकडे गिऱ्हाईक येते ते गूगलच्या नकाशावरून. देवगडच्या बागायतदाराकडे पेट्यांची मागणी नोंदवली जाते ती व्हॉट्सॲपवर. आणि कणकवली-कुडाळच्या बातम्या देणारी लहान संकेतस्थळे ज्या जाहिरातींच्या उत्पन्नावर तग धरून आहेत, त्या जाहिरातींचा भाव बहुतेक वेळा एकाच कंपनीच्या यंत्रणेत ठरतो. म्हणून हा वाद नेमका कशाबद्दल आहे, हे आपणही नीट समजून घ्यायला हवे.

पहिली गोष्ट म्हणजे, विभाजनाचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि चर्चेत ते सतत एकमेकांत मिसळले जातात. एक प्रकार कंपनीने स्वखुशीने केलेल्या विभाजनाचा. ह्यूलेट-पॅकार्डने २०१५ मध्ये संगणक-प्रिंटरचा धंदा आणि मोठ्या कंपन्यांना सेवा देण्याचा धंदा वेगळा केला. त्याच वर्षी ईबेपासून पेपॅल वेगळी झाली. २०२१ मध्ये आयबीएमने आपला संगणक-व्यवस्थापनाचा विभाग किंड्रिल या नावाने बाहेर काढला. आपल्याकडे ज्यांच्या डिमॅट खात्यात रिलायन्सचे शेअर होते, त्यांना २०२३ मध्ये एका शेअरमागे जिओ फायनान्शियलचा एक शेअर मिळाला, तोही याच जातीचा व्यवहार होता. अशा विभाजनामागचा हिशेब भागधारकांचा असतो: दोन धंद्यांचे एकत्रित मूल्य बाजार कमी धरतो आणि ते वेगळे केले की प्रत्येकाची खरी किंमत कळते, असे मानले जाते. हा हिशेब कधी बरोबर येतो, कधी चुकतो. आयबीएमचे तुकडे करण्याची तयारी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जवळपास पूर्ण झाली होती. १९९३ मध्ये प्रमुख म्हणून आलेल्या लुई गर्स्टनर यांनी ती थांबवली आणि कंपनी एकसंध ठेवूनच सावरली. उलट एएमडीने २००९ मध्ये चिप बनवण्याचे कारखाने वेगळे करून ग्लोबलफाउंड्रीज ही कंपनी उभी राहू दिली, आणि कारखान्यांचा भार उतरल्यामुळे पुढे एएमडीला जिथे उत्तम चिप बनते तिथून ती बनवून घेता आली. या प्रकारात लाभ-हानी मुख्यतः भागधारकांची आणि कर्मचाऱ्यांची असते, त्यामुळे त्यावर अधिक रेंगाळत नाही.

दुसरा प्रकार सक्तीच्या विभाजनाचा. इथे कायदा किंवा न्यायालय मध्ये पडते आणि सांगते की हे दोन धंदे एका मालकाच्या हातात राहणे बाकीच्यांसाठी घातक आहे. लोक या प्रश्नाकडे बहुधा आकाराच्या अंगाने पाहतात, म्हणजे कंपनी फार मोठी झाली म्हणून ती फोडावी असे त्यांना वाटते. मला हा विचार अपुरा वाटतो. कंपनी मोठी असणे हा आपल्या स्पर्धा कायद्यातही गुन्हा नाही आणि अमेरिकेतल्या कायद्यातही नाही. पाहायचे असते ते असे की, तिचा एक विभाग ज्या बाजारात विकायला बसला आहे, त्याच बाजाराचा पंच तिचाच दुसरा विभाग आहे का.

हे समजायला आपल्या घरातला वीजमीटर पुरेसा आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेकडे आणून चिपळूण तालुक्यात पोफळीला त्यावर वीज तयार केली जाते. जून २००५ पर्यंत ते वीजगृह, तिथून निघणारे मनोरे आणि तारा, गावातली डीपी आणि भिंतीवरचा मीटर, हे सगळे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ या एकाच संस्थेच्या हाती होते. २००३ च्या वीज कायद्यानंतर मंडळाचे विभाजन झाले. वीज तयार करणारी महानिर्मिती, अतिउच्चदाब वाहिन्यांतून ती वाहून नेणारी महापारेषण आणि घरोघरी पोहोचवून बिल घेणारी महावितरण अशा तीन कंपन्या ६ जून २००५ रोजी कामाला लागल्या. यात कळीची जागा होती ती मधल्या तारांची. वीज तयार करणारे दहा असू शकतात, पण प्रत्येकाने डोंगरातून स्वतःच्या तारा ओढाव्यात हे परवडणारे नाही, त्यामुळे तारा एकच राहतात. आणि तारांचा मालक स्वतःही वीज विकत असेल, तर दुसऱ्याची वीज वाहून नेताना अडवणूक करण्याचा मोह त्याला होणारच. म्हणून वाहतूक करणारा आणि विकणारा वेगळा असावा, हे तत्त्व.

मात्र या विभाजनाची मर्यादाही पाहिली पाहिजे. तिन्ही कंपन्यांच्या वर एक सूत्रधारी कंपनी आहे आणि तिची मालकी राज्य शासनाकडेच आहे. म्हणजे हिशेब वेगळे झाले, कारभार वेगळा झाला, मालक तोच राहिला. हिशेब वेगळे होण्याचा फायदा खरा होता, कारण प्रत्येक कंपनीला आपला खर्च महाराष्ट्र वीज नियामक आयोगासमोर स्वतंत्रपणे मांडावा लागतो आणि त्यावर हरकत घेता येते. पण पोट एकच असेल, तर एका हाताने दुसऱ्या हाताला झुकते माप देण्याची वृत्ती केवळ हिशेबाने जात नाही. किंमतही मोजावी लागतेच: ३ जून २०२० च्या निसर्ग वादळासारखा तडाखा बसून मोठी वाहिनी आणि गावातले खांब दोन्ही आडवे झाले, तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या माणसांना एकमेकांशी ताळमेळ घालून काम करावे लागते. विभाजनाच्या या पायऱ्या डोक्यात पक्क्या असाव्यात. सर्वांत खालची पायरी वागणुकीच्या नियमांची, तिच्यावरची हिशेब आणि कारभार वेगळा करण्याची, आणि सर्वांत वरची मालकीच बदलण्याची.

आता गूगलच्या जाहिरात-व्यवसायाकडे येऊ, कारण विभाजनाचा मुद्दा मला इथेच सर्वांत ठळक दिसतो. समजा, आंबोली घाटात दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला आहे का हे पाहण्यासाठी सावंतवाडीच्या एका माणसाने स्थानिक बातम्यांचे संकेतस्थळ उघडले. पान फोनवर उमटेपर्यंतच्या निमिषार्धात त्या पानावरील जाहिरातीच्या रिकाम्या जागेचा लिलाव होऊन जातो. संकेतस्थळाच्या बाजूने एक सॉफ्टवेअर ती जागा विक्रीला मांडते, त्याला जाहिरात-सर्व्हर म्हणतात. जाहिरातदारांच्या बाजूने दुसरी सॉफ्टवेअर बोली लावतात. आणि मध्ये एक एक्स्चेंज असते, जिथे बोली एकमेकांसमोर येतात आणि सौदा ठरतो. गूगलकडे या तिन्ही ठिकाणची साधने आहेत. त्यांचा पाया आहे २००८ मध्ये पूर्ण झालेली डबलक्लिक या कंपनीची खरेदी, जिच्यासाठी गूगलने ३.१ अब्ज डॉलर मोजले होते.

कोकणातल्या वाचकाला यासाठी वाशीच्या बाजार समितीपेक्षा जवळचे उदाहरण मिळणार नाही. तिथे बागायतदाराच्या पेट्या अडत्या विकतो, खरेदीदार समोर उभा असतो आणि गाळे, आवार, नियम हे बाजार समितीचे असतात. आता अशी कल्पना करा की बागायतदाराचा अडत्या, खरेदीदाराचा प्रतिनिधी आणि आवाराचा मालक हे तिघे एकच आहेत, आणि भाव ठरतो तो रुमालाखाली, म्हणजे दोन्हीकडच्या माणसांना कोणी किती सांगितले ते दिसतच नाही. त्यात पेटी आधी याच मालकाच्या आवारात उघडायची, इतर बाजारांत नंतर, असा दंडक आहे. किंवा इतरांनी काय भाव सांगितला ते पाहून मग स्वतःचा भाव सांगण्याची सवलत त्याला एकट्यालाच आहे. असा भाव फुटताना तो बागायतदाराच्या बाजूने फुटेल, अशी आशा कोणी धरणार नाही.

अमेरिकेच्या न्याय विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दाखल केलेल्या खटल्यात नेमकी अशीच वागणूक पुढे आली. गूगलचा सर्व्हर बरीच वर्षे आधी गूगलच्याच एक्स्चेंजला जागा दाखवत होता. पुढे इतर एक्स्चेंजच्या बोली पाहून शेवटची बोली लावण्याची संधी गूगलच्या एक्स्चेंजला मिळत होती. आणि २०१९ पासून संकेतस्थळांना गूगलसाठी इतरांपेक्षा अधिक किमान भाव ठेवण्याची मुभाही उरली नाही. एक्स्चेंजचा कट होता सौद्याच्या सुमारे २० टक्के, म्हणजे शंभर रुपयांच्या सौद्यात वीस रुपये मधल्या मधे, आणि तो वर्षानुवर्षे तेवढाच राहिला. व्हर्जिनियातील न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी १७ एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला की संकेतस्थळांसाठीचा सर्व्हर आणि एक्स्चेंज या दोन्ही बाजारांत गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली आणि ही दोन साधने एकमेकांना बेकायदेशीरपणे बांधली. जाहिरातदारांच्या साधनांबाबतचा आरोप मात्र त्यांनी मान्य केला नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युरोपीय आयोगाने याच व्यवसायाबद्दल गूगलला २.९५ अब्ज युरोंचा दंड केला. अमेरिकी सरकारची मागणी एक्स्चेंज विकून टाकण्याची होती, तर गूगलची तयारी नियम पाळण्याची आणि साधने इतरांशी जोडून देण्याची होती.

इथे मालकी बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण सांगतो. निमिषार्धात होणाऱ्या अब्जावधी लिलावांवर नियम पाळले जातात की नाही हे बाहेरून तपासणे जवळपास अशक्य आहे. नियम मोडला गेला हे सिद्ध होईपर्यंत अनेक वर्षे निघून जातात आणि तोवर लहान संकेतस्थळ बंद पडलेले असते. शिवाय इथे सांधा स्वच्छ आहे. सर्व्हर आणि एक्स्चेंज हे आजही दोन वेगळे पदार्थ आहेत, वेगवेगळ्या कंपन्या ते वेगवेगळे विकतात, आणि एकापासून दुसरा सोडवला तरी दोन्ही चालू शकतात. सांधा जिथे आधीपासून आहे तिथे सोडवणे आणि अखंड लाकूड चिरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अखंड लाकडाचे उदाहरणही गूगलमध्येच सापडते. शोधसेवेच्या वेगळ्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलला मक्तेदार ठरवले. मुख्य दोष होता पैसे देऊन मिळवलेल्या जागेचा: फोन आणि ब्राउझरमध्ये आपलीच शोधसेवा आधीपासून बसवलेली असावी, यासाठी गूगलने एकट्या २०२१ मध्ये २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली होती. सरकारने मागणी केली की क्रोम ब्राउझर विकायला लावा. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी ती नाकारली, कारण बेकायदा बंधन घातले होते ते करारांनी, क्रोमने नव्हे. त्यांनी एकाधिकाराच्या करारांना मनाई केली आणि शोधाची काही माहिती पात्र प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेश दिला. मला हा निर्णय पटतो. ब्राउझर फुकट मिळतो, त्याच्या सुरक्षेचा खर्च दुसऱ्या विभागाच्या कमाईतून होतो. तो वेगळा काढला तर तो कमाई कशातून करणार, याचे समाधानकारक उत्तर नव्हते, आणि नवा मालक पुन्हा गूगलकडूनच पैसे घेऊन त्याचीच शोधसेवा बसवण्याची शक्यता होती.

विभाग वेगळे केल्याचा तोटा सामान्य माणसाला कसा जाणवतो, हे युरोपात पाहायला मिळाले. तिथला डिजिटल बाजार कायदा मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना बंधनकारक झाला आणि आपल्याच सेवांना झुकते माप देण्यास मनाई झाली. त्यामुळे तिथे शोधाच्या निकालात दिसणाऱ्या छोट्या नकाशावर बोट ठेवून थेट गूगल मॅप्स उघडण्याची सोय काढून टाकावी लागली. शोधात हॉटेलांची मांडणी बदलल्यानंतर आपल्याकडे थेट येणारी बुकिंग घटली आणि फायदा मोठ्या मध्यस्थ संकेतस्थळांचा झाला, अशी तक्रार तिथल्या हॉटेलचालकांनी केली. तारकर्लीच्या त्या बाईंच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्यांचे घर नकाशावर सापडते, फोटो आणि अभिप्राय दिसतात, लोक फोन करतात आणि कोणालाही दलाली न देता खोली भरते. शोध आणि नकाशा वेगळे केले तर त्यांच्या वाट्याला काय येईल, हा विचार केल्याशिवाय दिलेला आदेश न्याय्य ठरणार नाही. उलट उद्या त्याच नकाशावर पैसे भरणाऱ्याचेच घर वर दाखवले जाऊ लागले, तर त्यांना जायला दुसरी जागा नाही, हीदेखील तितकीच खरी भीती आहे. या ठिकाणी सुरी लावण्याआधी नियमांची पायरी वापरून पाहावी, असे मला वाटते.

इतिहासाकडे पाहिले तर सर्वांत उपयोगी दाखला एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीचा आहे. १९७४ मध्ये खटला दाखल झाला, १९८२ मध्ये तडजोड झाली आणि १ जानेवारी १९८४ पासून स्थानिक फोनसेवा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेली. लांब पल्ल्याच्या फोनसेवेत खरी स्पर्धा आली, दर उतरले. मात्र स्थानिक फोनचे मासिक भाडे वाढले, कारण आधी एका सेवेच्या नफ्यातून दुसरीचा तोटा भरला जात असे. एटी अँड टीच्या ज्या बेल लॅब्स या संशोधनशाळेत १९४७ साली ट्रान्झिस्टर जन्माला आला, तिचे वैभवही पुढे ओसरत गेले. आणि कालांतराने तुकडे पुन्हा जुळू लागले: त्या सातांपैकीच एकीच्या वारस कंपनीने २००५ मध्ये मूळ एटी अँड टी विकत घेऊन तिचेच नाव धारण केले. तरीही विभाजन वाया गेले असे मी म्हणणार नाही, कारण मधल्या काळात जे नवे धंदे उभे राहिले त्यांना जागा मिळाली ती त्याच फटीतून. मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत जून २००० मध्ये दोन तुकडे करण्याचा आदेश निघाला, वर्षभराने वरच्या न्यायालयाने तो रद्द केला आणि प्रकरण तडजोडीवर मिटले.

वेळेचा मुद्दा मेटाच्या खटल्यातही दिसला. इन्स्टाग्राम २०१२ मध्ये आणि व्हॉट्सॲप २०१४ मध्ये विकत घेतले गेले. ते वेगळे करण्यासाठी अमेरिकी व्यापार आयोगाने खटला भरला २०२० मध्ये. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितले की आजच्या बाजारात मेटाची मक्तेदारी सिद्ध होत नाही. झालेली खरेदी दहा वर्षांनी सोडवण्यापेक्षा ती होतानाच तपासणे कितीतरी सोपे असते. आपल्या स्पर्धा कायद्यात २०२३ मध्ये त्यासाठीच दुरुस्ती झाली असून, विकत घेतल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात बऱ्यापैकी कारभार असेल, तर २,००० कोटी रुपयांपेक्षा मोठ्या व्यवहारांना सप्टेंबर २०२४ पासून भारतीय स्पर्धा आयोगाची पूर्वपरवानगी लागते, मग तिची आजची उलाढाल कितीही किरकोळ असो.

विभाजनाची वेळच येऊ नये अशी रचना आधीपासून करता येते, याचे उत्तम उदाहरण मात्र भारतातलेच आहे. मालवणच्या बाजारात मासे विकणाऱ्या बाईंच्या टोपलीला लावलेला क्यूआर कोड गिऱ्हाईकाच्या फोनमध्ये कोणतेही ॲप असले तरी चालतो, कारण २०१६ पासून यूपीआयची वाट राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडे आहे आणि ॲप त्या वाटेवर चालणारी वाहने आहेत. वाटेचा मालक आणि गूगल पे, फोनपे यांसारख्या मोठ्या वाहनांचे मालक वेगळे आहेत, म्हणून ती कितीही वाढली तरी त्या बाईंना एकाच्या दावणीला बांधून घ्यावे लागत नाही. ई-व्यापारातही फेब्रुवारी २०१९ पासून परकीय गुंतवणुकीच्या बाजारपेठांना स्वतःचा हिस्सा असलेल्या कंपन्यांचा माल आपल्याच मंचावर विकण्यास मनाई आहे. तत्त्व तेच: गाळे देणाऱ्याने त्याच बाजारात स्वतःचा माल मांडू नये.

सक्तीच्या विभाजनाचा अधिकारही आपल्या कायद्यात आहे, ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम २८ नुसार, प्रभुत्व असलेल्या उद्योगाने त्या स्थानाचा गैरवापर करू नये यासाठी त्याचे विभाजन करण्याचा आदेश भारतीय स्पर्धा आयोग देऊ शकतो. आयोगाने आजवर गूगलबाबत वापरली ती दंडाची आणि वागणुकीच्या आदेशांची पायरी: ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडबद्दल १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्थगिती नाकारल्यावर भारतात नवा फोन सुरू करताना शोधसेवा निवडण्याची सोय देण्याचे कंपनीने जाहीर केले. फोनच्या बाबतीत एवढे पुरेसे ठरू शकते. जाहिरातींच्या लिलावाला मात्र ते पुरणार नाही, असे वर दिलेल्या कारणांमुळे मला वाटते.

वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवरून आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलची चौकशी करण्याचा आदेश दिला, तेव्हा तक्रारदार मोठ्या माध्यमसमूहांची संघटना होती. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली दोन-चार माणसांची संकेतस्थळे अशा संघटनांत सहसा नसतात. पण कलम १९ नुसार कोणतीही व्यक्ती शुल्क भरून आयोगाला माहिती सादर करू शकते. त्यासाठी जाहिरात-उत्पन्नाची मासिक विवरणे, हजार वेळा जाहिरात दिसल्यामागे मिळालेला दर, कोणत्या एक्स्चेंजकडून किती रक्कम आली त्याची नोंद आणि अटी बदलल्याचे कंपनीकडून आलेले मेल तारखेनिशी जपून ठेवावे लागतील, कारण लिलाव रुमालाखाली होत असताना संकेतस्थळाच्या बाजूचा पुरावा म्हणून तेवढेच हाती असते.